मॉनिटरवर ९८ असताना मेंदूला इजा कशी झाली?

प्रश्न असा आहे. सोलापुरात यंत्रमागावर आयुष्य काढलेले ६१ वर्षांचे गृहस्थ पहाटे छातीत कळ येऊन घरातच कोसळले. घरच्यांनी तोंडावर पाणी मारले, कांदा फोडून नाकाशी धरला आणि रिक्षातून रुग्णालयात नेले. त्यात सुमारे पंधरा मिनिटे गेली. तिथे छाती दाबून आणि शॉक देऊन हृदय पुन्हा सुरू झाले, नंतर अँजिओप्लास्टीही झाली. आज चौथा दिवस आहे. ते डोळे उघडतात, पण कोणाला ओळखत नाहीत. हातापायांना मधूनच झटके येतात. मुलाने विचारले आहे की, दाखल केल्यापासून मॉनिटरवरचा ऑक्सिजन ९८ च्या खाली उतरलेला नाही, पहिल्या दिवशीचा सीटी स्कॅनही नॉर्मल होता, मग ‘ऑक्सिजन न मिळाल्याने मेंदूला इजा झाली’ असे डॉक्टर कशावरून म्हणतात? शेजारच्या एकाचा ऑक्सिजन कोविडमध्ये ७० पर्यंत उतरला होता आणि तो ठणठणीत होऊन घरी आला, हे कसे? वडील कितपत सुधारतील, आणि घरी नेल्यावर ऑक्सिजनचे मशीन किंवा ‘मेंदूची इंजेक्शने’ यांचा उपयोग होईल का?

आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही. त्यामुळे त्यांच्याविषयीचा निर्णय त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच राहील. मात्र आपला पहिला प्रश्न अगदी नेमका आहे. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बहुतेक नातेवाइकांच्या मनात तो असतो, पण फार थोडे जण तो उघड विचारतात.

मॉनिटरवरचा ९८ हा आकडा एवढेच सांगतो की, बोटातून जाणाऱ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी ९८ टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेले आहे. शरीरात मुळात हिमोग्लोबिन किती आहे, ते रक्त मेंदूपर्यंत पोचते आहे का आणि दर मिनिटाला किती पोचते आहे, यांपैकी काहीच तो आकडा सांगत नाही. उजनी धरण काठोकाठ भरलेले असले तरी चारीचे गेट बंद असेल तर टोकाच्या शेताला पाणी मिळत नाही, तसाच हा प्रकार आहे. आपले वडील कोसळले त्या क्षणी त्यांच्या रक्तात ऑक्सिजन जवळजवळ पुरेपूर होता. ते रक्त जागचे हलत नव्हते, एवढेच. शिवाय मॉनिटर लागला तो हृदय पुन्हा चालू करण्याच्या धावपळीत, म्हणजे नुकसान घडवणारी मिनिटे उलटून गेल्यावर. त्यामुळे तेव्हापासूनचा ९८ खरा आहे आणि डॉक्टरांचे म्हणणेही खरे आहे.

या आकड्याच्या आणखी दोन मर्यादा सांगून ठेवतो, कारण त्या घरोघरी लागू पडतात. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. हिमोग्लोबिन १५ असलेल्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन ७ असलेल्या स्त्रीच्या रक्तात त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, तरी दोघांच्याही बोटावर आकडा ९८ च दिसेल. दुसरी मर्यादा अधिक धोक्याची आहे. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, दारे लावून पेटवलेली शेगडी किंवा वीज गेल्यावर आतल्या खोलीत चालवलेला जनरेटर यांतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि बोटावरच्या साध्या यंत्राला तो ऑक्सिजनपासून वेगळा ओळखता येत नाही. अंघोळीला गेलेली मुलगी बेशुद्ध सापडते, आकडा ९९ दाखवतो आणि ‘ऑक्सिजन चांगला आहे’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. अशा वेळी आकड्याकडे न पाहता दारे-खिडक्या उघडून रुग्णाला बाहेर काढावे आणि रुग्णालयात जास्तीत जास्त ऑक्सिजन सुरू करायला लावावा. यात आणखी एक फसगत अशी की, काही रुग्ण शुद्धीवर येऊन घरी जातात आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी त्यांची स्मरणशक्ती आणि चाल बिघडू लागते.

आता मूळ मुद्दा. मेंदूचे वजन शरीराच्या केवळ दोन टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरते त्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. इतकी भूक असूनही त्याच्याकडे शिलकीचा साठा जवळपास नसतो. पायाचा स्नायू रक्त थांबल्यावरही काही तास तग धरतो, कारण त्याच्याजवळ स्वतःचे इंधन असते आणि ऑक्सिजनशिवाय थोडा वेळ भागवण्याची सोय असते. मेंदूला दर मिनिटाला ताजे रक्त लागते. १९४३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांच्या मानेभोवती फुगवता येणारा पट्टा लावून मेंदूकडे जाणारे रक्त अचानक थांबवण्यात आले होते. ते साधारण सहा-सात सेकंदांत बेशुद्ध पडले. आज कोणतीही नैतिकता समिती असा प्रयोग करू देणार नाही, पण त्यातून कळलेली गोष्ट आपल्याला रोज दिसते. हृदय थांबलेला माणूस बोलता बोलता कोसळतो, आणि त्यानंतर अर्ध्या मिनिटाच्या आत मेंदूचा विद्युत आलेख (ईईजी) सपाट होतो.

याउलट रक्त वाहते आहे पण त्यात ऑक्सिजन कमी आहे, अशा स्थितीत मेंदू आश्चर्य वाटावे इतका तग धरतो. २००७ मध्ये एव्हरेस्टवरून उतरणाऱ्या काही गिर्यारोहक डॉक्टरांनी ८,४०० मीटर उंचीवर स्वतःच्या धमनीतले रक्त काढून तपासले. त्यातील ऑक्सिजनचा दाब सरासरी २४.६ मिलिमीटर होता. सपाटीवर निरोगी माणसात तो ८० ते १०० असतो. हा अहवाल आयसीयूत कोणी दाखवला तर रुग्ण व्हेंटिलेटरवरच असेल असे आम्ही धरून चालू, आणि ही माणसे स्वतःच्या पायांनी चालत होती. त्यांच्या शरीराला सवय होण्यास कित्येक आठवडे मिळाले होते, हिमोग्लोबिन वाढले होते, श्वास वेगाने चालू होता आणि मुख्य म्हणजे हृदय दणकट चालत असल्याने मेंदूकडे रक्त भरपूर जात होते. आपल्या शेजाऱ्यांचेही तसेच झाले. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि प्रवाह वाढवून तूट भरून काढतात. शिवाय वाहते रक्त केवळ ऑक्सिजन आणत नाही. ते साखर आणते आणि पेशींत साचलेले आम्ल व टाकाऊ पदार्थ वाहून नेते. प्रवाहच थांबला की या तिन्ही गोष्टी एकदम बंद पडतात. अर्थात कोविडमधला ७० निर्धोक होता असे कोणी समजू नये. ज्यांचा रक्तदाबही त्याबरोबर कोसळला, त्यांच्यापैकी अनेकांना मेंदूची किंमत मोजावी लागली.

प्रवाह थांबल्यावर पेशीत काय घडते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यातच आपल्या सीटी स्कॅनच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मेंदूची पेशी आपल्या ऊर्जेचा मोठा भाग एकाच कामावर खर्च करते: सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारे पंप अहोरात्र चालवणे. रक्त थांबल्यावर काही मिनिटांतच एटीपी नावाचे ऊर्जेचे चलन संपते आणि पंप बंद पडतात. सोडियम आणि त्याच्यामागून पाणी आत शिरते, पेशी फुगते. तिचा विद्युत तोल ढासळला की तिच्या टोकांत साठवलेले ग्लुटामेट नावाचे रसायन एकदम बाहेर सांडते. एरवी हे रसायन शिकण्या-आठवण्याच्या कामाचे, पण अतिरेक झाला की ते शेजारच्या पेशींना इतके उद्दीपित करते की त्यांत कॅल्शियमचा लोंढा घुसतो. जॉन ओल्नी या अमेरिकन शास्त्रज्ञाने अतिउद्दीपनातून होणारा हा पेशीनाश १९६९ मध्ये मांडला. आत शिरलेले कॅल्शियम पेशीतल्या विकरांना (एन्झाइम्सना) जागे करते. ती विकरे पेशीचीच प्रथिने आणि आवरणे कुरतडू लागतात, आणि ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका निकामी होतात.

मग हृदय सुरू होते, रक्त परत येते, आणि नुकसान तिथेच थांबेल असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. परतलेला ऑक्सिजन या जखमी तंतुकणिकांत पोचला की मुक्त मूलके (फ्री रॅडिकल्स) नावाचे पेशींना इजा करणारे कण तयार होतात, सूज आणि दाह सुरू होतो, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला प्रवाह काही तास अपुराच राहतो. काही पेशी लगेच मरत नाहीत; त्या दोन ते चार दिवस वरकरणी जिवंत राहतात आणि नंतर मरतात. जपानचे किरिनो यांनी १९८२ मध्ये जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात हे स्पष्टपणे दाखवले: पाच मिनिटे रक्त थांबवले, दुसऱ्या दिवशी पेशी ठीक दिसल्या, आणि चौथ्या दिवसापर्यंत स्मरणशक्तीच्या भागातला त्यांचा एक पूर्ण पट्टा नष्ट झाला. म्हणून पहिल्या दिवसाचा सीटी नॉर्मल असणे हे इजा नसल्याचे प्रमाण ठरत नाही. तो स्कॅन मुख्यतः मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी केलेला असतो. अशा इजेचा अंदाज घ्यायला दुसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यानचा एमआरआय अधिक उपयोगी पडतो.

मेंदूचे सगळे भाग सारखे नाजूक नसतात. स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पस, लहान मेंदूतल्या पुरकिंजे पेशी, मोठ्या मेंदूच्या सालीतले काही थर आणि खोलवरची हालचाल सांभाळणारी केंद्रे आधी बळी पडतात. श्वास आणि जाग सांभाळणारा मेंदूचा देठ सर्वांत चिवट असतो. आपले वडील डोळे उघडतात पण ओळखत नाहीत, याचे कारण इथे आहे. डोळे उघडणे हे देठाचे काम, ओळखणे हे सालीचे. ‘डोळे उघडले, म्हणजे आता शुद्धीवर आले’ असे नातेवाइकांना वाटणे स्वाभाविक आहे. पण सांगितलेले ऐकून बोट हलवणे, नजर माणसाच्या मागे फिरणे, या खुणांना अधिक महत्त्व द्यावे.

हृदय पूर्ण न थांबता रक्तदाब बराच वेळ खाली राहिला तर दोन मोठ्या धमन्यांच्या हद्दी जिथे मिळतात ते भाग आधी कोरडे पडतात. अशा रुग्णाचा चेहरा आणि पाय ठीक असतात, पण दोन्ही दंड उचलत नाहीत. वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये हे विशेष जपावे लागते, कारण त्यांचा मेंदू चढ्या दाबाला सरावलेला असतो. २०० चा दाब घटकेत १२० वर आणण्याचा आग्रह काही नातेवाईक धरतात आणि जिभेखाली गोळी ठेवून काही जण तो पुरवतातही. ती सवय मला कधीच पटलेली नाही.

पक्षाघातात गोष्ट वेगळी असते. तिथे गुठळीने एकच धमनी बंद होते आणि आजूबाजूच्या वाहिन्यांतून थोडे रक्त झिरपत राहते. निरोगी मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २० च्या खाली गेले की पेशी काम थांबवतात, पण जिवंत असतात. १० च्या खाली गेले की मरू लागतात. या दोन आकड्यांमधल्या पेशी वाचवता येतात, म्हणून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचे असते आणि मोठी गुठळी तारेने काढण्याचे उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करता येतात. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून निघणाऱ्यांनी वाटेत दोन ठिकाणी थांबून सलाईन लावून घेण्यापेक्षा सीटी आणि हे इंजेक्शन जिथे आहे तिथे थेट यावे. हृदय थांबते तेव्हा मात्र आजूबाजूनेही काही झिरपत नाही; तासांचा हिशेब मिनिटांवर येतो.

ती मिनिटे लांबवण्याचा एकच उपाय घरच्यांच्या हातात असतो. पुढचे लिहिताना आपल्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. आपल्या जागी असलेल्या बहुतेकांनी तेच केले असते. पाणी मारल्याने आणि कांदा हुंगवल्याने थांबलेले रक्त हलत नाही, छाती दाबल्याने हलते. माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढे दिसले की १०८ ला फोन लावून, त्याला टणक जमिनीवर उताणे ठेवून, छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे. त्याने नेहमीच्या प्रवाहाच्या जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा मिळतो, तरी रक्तात आधीच असलेला ऑक्सिजन त्यातून मेंदूला पोचतो. म्हणूनच अचानक कोसळलेल्या प्रौढ माणसाला पहिली काही मिनिटे तोंडाने श्वास दिला नाही तरी चालते.

विहिरीत बुडालेल्या मुलाचे मात्र उलटे असते. तिथे श्वास आधी थांबतो आणि ऑक्सिजन संपल्यावर हृदय थांबते. म्हणून छाती दाबण्याबरोबर तोंडाने श्वास द्यावाच लागतो. मण्यार चावल्यावरही श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि हृदय चालूच असते. अशा रुग्णाच्या पापण्या मिटलेल्या, हातपाय निर्जीव आणि बाहुल्याही प्रकाशाला स्थिर असू शकतात, तरी आत मेंदू शाबूत असतो. वेळेवर श्वास पुरवला तर दोन-चार दिवसांनी तो उठून बसतो. शेतातून आणलेल्या अशा रुग्णाला घाईने ‘मेंदू मेला’ असे कोणी म्हणू नये.

आपल्या वडिलांच्या झटक्यांविषयी. हृदय थांबल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांगाला सतत बसणारे हिसके हे गंभीर लक्षण मानले जाते. शुद्ध येत असताना किंवा आल्यावर, हालचाल करू जाता बसणारे हिसके वेगळे. लान्स आणि ॲडम्स यांनी १९६३ मध्ये त्यांचे वर्णन केले. ते त्रासदायक असतात, पण बुद्धी शाबूत असलेल्या माणसातही दिसतात आणि औषधांनी आटोक्यात येतात. बाहेरून दोन्ही सारखे दिसू शकतात, म्हणून ईईजी झाला आहे का आणि त्यात काय दिसले, हे अवश्य विचारावे.

कितपत सुधारणा होईल, याचा अंदाज ७२ तासांच्या आत बांधू नये, असा सर्वमान्य नियम आहे. झोपेची औषधे दिली असतील, मूत्रपिंड किंवा यकृत मंदावले असेल, तर याहून अधिक थांबावे लागते, कारण ती औषधे शरीरातून जाईपर्यंत तपासणी फसवी ठरते. त्यानंतरही कोणत्याही एका तपासणीवर भिस्त ठेवत नाहीत. बाहुल्यांची प्रकाशाला प्रतिक्रिया, ईईजी, मनगटाच्या नसेला दिलेला संदेश मेंदूच्या सालीपर्यंत पोचतो का याची चाचणी, एमआरआय आणि जिथे होते तिथे रक्तातील एनएसई (इजा झालेल्या मेंदूपेशींतून रक्तात उतरणारा पदार्थ), असे सगळे एकत्र ठेवून मत बनवले जाते. चौथ्या दिवशी डॉक्टर ‘अजून सांगता येत नाही’ म्हणत असतील, तर ते टाळाटाळ करीत नाहीत. जी सुधारणा व्हायची, तिचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतो. ज्यांना शुद्ध येते, त्यांच्यात नव्या गोष्टी लक्षात न राहणे, चिडचिड आणि लवकर थकणे हे पुढेही राहू शकते.

या काळात खरे उपचार फारसे डोळ्यांत भरणारे नसतात. रक्तदाब पडू न देणे, साखर फार चढू किंवा उतरू न देणे, व्हेंटिलेटर असल्यास कार्बन डायऑक्साइड फार खाली जाऊ न देणे (तो उतरला की मेंदूच्या वाहिन्या आकसतात), झटके रोखणे आणि ताप येऊ न देणे. २००२ मधील दोन अभ्यासांनंतर शरीर ३२ ते ३४ अंशांपर्यंत थंड करण्याची पद्धत रूढ झाली होती. २०२१ च्या मोठ्या अभ्यासात तसे थंड करणे आणि काटेकोरपणे ताप टाळणे यांच्या निकालात फरक दिसला नाही. म्हणून आता भर ताप टाळण्यावर आहे. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना वातानुकूलन बंद पडलेल्या वॉर्डात हे काम सोपे नसते, हे नमूद करायला हवे.

राहिला घरचा प्रश्न. फुप्फुसाचा आजार नसेल आणि साध्या हवेवर आकडा ९४ किंवा त्याहून अधिक राहत असेल, तर ऑक्सिजन मशीनने मेंदूला काही मिळणार नाही. हिमोग्लोबिन आधीच भरलेले आहे. मेंदूला ताकद देणारी म्हणून सिटिकोलिन आणि पिरासेटामची इंजेक्शने सर्रास लिहिली जातात. पक्षाघाताच्या रुग्णांवरील २०१२ च्या मोठ्या अभ्यासात सिटिकोलिनचा फायदा दिसला नाही, आणि हृदय थांबल्यानंतरच्या इजेतही या औषधांवर भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. त्या पैशांत रोज घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, हवेची गादी आणि गिळण्याची तपासणी होईल. अन्न देण्यासाठी नाकातून घातलेली नळी काढण्यापूर्वी गिळण्याची तपासणी करून घ्यावी, आणि तोपर्यंत मायेपोटीही चमच्याने पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया झाला, तर इतके दिवस ९८ असलेला आकडा खरोखरच खाली येईल.